घरच्या वर्कशॉपला नवा उजेड

सावदा हे केळीचे गाव. रावेर तालुक्यात जाल तिकडे केळीचे मळे. सावद्याच्या स्टेशनातून केळी पार दिल्लीकडे जाते, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. पण नुसती जमीन अन् पाणी असून भागत नाही. विहिरीवरची मोटार जळाली की ती बांधून देणारा माणूस लागतो. ट्रॉलीचे काही मोडले की वेल्डिंगवाला लागतो. दारे-खिडक्यांना सुतार लागतो. पोरांच्या कपड्यांना शिंपी लागतो.

या मंडळींपैकी पुष्कळांचे दुकान घरातच असते. कोणाची पुढची खोली, कोणाची ओसरी, कोणाची मागच्या अंगणातली पत्र्याची शेड. तेच त्यांचे वर्कशॉप.

या वर्कशॉपच्या छताकडे पाहा. अजून बऱ्याच ठिकाणी जुनी ट्यूबलाइट लटकलेली दिसेल. दोन्ही टोके काळी पडलेली. लावली की चार वेळा डोळे मिचकावते, मग पेटते. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की पेटतच नाही. चोक गुणगुणत राहतो.

आता एलईडीचे दिवे आले आहेत. जुनी ट्यूब काढून एलईडी लावावी का? लावली तर काय फायदा? पैसे वसूल होतात का? दिवा कसा निवडावा? धोका कुठे आहे? हे सारे या पाठात पाहू. प्रश्न नुसता बिलाचा नाही. हाताच्या बोटांचा आहे आणि डोळ्यांचाही आहे.

१. ट्यूब कशी पेटते?

ट्यूब म्हणजे काचेची लांब नळी. तिच्यात हवा नसते. थोडा आर्गॉन नावाचा वायू आणि अगदी थोडा पारा असतो. नळीच्या आतल्या बाजूला पांढरी पूड चोपडलेली असते. दोन्ही टोकांना बारीक तार असते.

बटण दाबले की स्टार्टर आणि चोक मिळून त्या तारांना तापवतात आणि नळीतून वीज पार करतात. पाऱ्याची वाफ होते. त्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश निघतो. तो पांढऱ्या पुडीवर आदळतो. पूड चमकते. तोच आपल्याला दिसणारा उजेड.

ही ट्यूब १९३८ च्या सुमारास बाजारात आली. जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा ती पुष्कळ काटकसरी होती. म्हणून तिने ऐंशी वर्षे राज्य केले. तिला नावे ठेवायचे कारण नाही. बैलगाडीनेही आपले काम केलेच होते.

२. एलईडी कशी पेटते?

एलईडीत नळीही नाही, वायूही नाही, पाराही नाही. मोहरीच्या दाण्याएवढा एक तुकडा असतो. त्यातून वीज गेली की तो तुकडाच उजेड देतो.

हे कसे घडते? पाटाचे पाणी बांधावरून खाली पडते तेव्हा त्याच्या पडण्यात जोर असतो. त्या जोरावर चक्की फिरवता येते. तसेच त्या तुकड्यात विजेचे बारीक कण वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडतात. पडताना जो जोर सुटतो तो उजेडाच्या रूपाने बाहेर येतो. तार लाल होईपर्यंत तापवावी लागत नाही. म्हणून वीज कमी लागते.

लाल उजेडाची एलईडी १९६२ साली निघाली. निळा उजेड मात्र लवकर साधेना. जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी तो साधला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ही त्यांची नावे. २०१४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्याचे एवढे महत्त्व का? कारण निळ्या तुकड्यावर पिवळ्या पुडीचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. आज घराघरांत जी पांढरी एलईडी आहे ती आतून निळीच आहे.

पूर्वी हा दिवा महाग होता. ५ जानेवारी २०१५ रोजी सरकारने घरोघर स्वस्तात एलईडी बल्ब देण्याची योजना सुरू केली. तिलाच पुढे ‘उजाला’ हे नाव मिळाले. सरकारने एकगठ्ठा खरेदी केली, म्हणून भाव उतरला. २०१४ मध्ये जो बल्ब घाऊक भावाने ३१० रुपयांना पडत होता, तोच २०१६ मध्ये ३८ रुपयांना पडू लागला. या योजनेतून देशात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले.

३. वॅट आणि लुमेन

दिवा घेताना आपण विचारतो, “किती वॅटचा?” हा प्रश्न अर्धाच आहे.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. दिवा किती उजेड देतो, त्याचे माप वेगळे आहे. त्याला लुमेन म्हणतात. बैल बाजारात घेताना तो किती चारा खातो एवढेच आपण विचारत नाही. तो किती ओढतो हे पाहतो. वॅट म्हणजे चारा. लुमेन म्हणजे ओढलेले ओझे.

चार फुटी जुनी ट्यूब ३६ किंवा ४० वॅटची असते. तिचा चोक वरून १० ते १५ वॅट खातो. म्हणजे एक ट्यूब ५० वॅटच्या घरात जाते. चार फुटी एलईडी २० वॅटची असते. चांगली असेल तर ती २००० लुमेन उजेड देते.

नव्या ट्यूबचे लुमेन यापेक्षा थोडे जास्तच असतात. मग एलईडी पुरते कशी? ट्यूब चारी बाजूंना उजेड फेकते. निम्मा उजेड छताकडे जातो आणि काळ्या पत्र्यात जिरतो. एलईडीचा बहुतेक उजेड खाली, कामाच्या टेबलावर पडतो. शिवाय जुनी ट्यूब वापरून वापरून मंद होते, तिच्यावर धूळ बसते, ते वेगळेच.

डब्यावर लुमेनचा आकडा छापलेला असतो. तो वाचा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. दोन डबे शेजारी ठेवा. दोन्ही २० वॅटचे असतील, पण एकावर १६०० लुमेन आणि दुसऱ्यावर २२०० असतील, तर दुसरा बैल चांगला.

४. पैशाचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. एका वर्कशॉपमध्ये ४ ट्यूब आहेत. रोज ५ तास पेटतात.

जुन्या ट्यूब: ४ × ५० = २०० वॅट. ५ तासांचे झाले १००० वॅट-तास. हजार वॅट-तास म्हणजे १ युनिट. महिन्याचे ३० युनिट.

एलईडी: ४ × २० = ८० वॅट. ५ तासांचे ४०० वॅट-तास. म्हणजे रोज ०.४ युनिट. महिन्याचे १२ युनिट.

वाचले किती? महिन्याला १८ युनिट. वर्षाला २१६ युनिट.

युनिटचा भाव आपण १० रुपये धरू. म्हणजे महिन्याला १८० रुपये वाचतात. चार दिव्यांचे १००० रुपये आणि वायरमनची मजुरी ४०० रुपये धरली, तर खर्च १४०० रुपये. तो आठ महिन्यांत भरून निघतो. पुढचे सारे घरात राहते. हे आकडे धरलेले आहेत. तुमच्या बिलावरचा भाव आणि दुकानातली किंमत घालून हाच हिशेब तुम्ही करा.

एक गोष्ट लक्षात घ्या. घरगुती बिलात टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटांना कमी भाव. १०० च्या पुढे ३०० पर्यंत जास्त भाव. त्याच्या पुढे आणखी जास्त. वीज वाचते तेव्हा ती वरच्या, महागड्या टप्प्यातली वाचते. म्हणून बिलात फरक चांगला दिसतो.

कोणी विचारेल, “गुरुजी, ट्यूब अजून चांगली पेटते. ती काढून टाकायची का?” रोज चार-पाच तास पेटत असेल तर बदला. कोठीघरात दिवसातून दहा मिनिटे पेटत असेल तर राहू द्या. ती गेली की मग एलईडी लावा. जिथे दिवा जास्त वेळ पेटतो, तिथून सुरुवात करावी. हा काटकसरीचा नियम आहे.

इन्व्हर्टर असेल तर आणखी एक फायदा आहे. बॅटरीतली जी वीज २०० वॅटच्या दिव्यांना एक तास पुरत होती, ती ८० वॅटच्या दिव्यांना सुमारे अडीच तास पुरेल. लाइट गेली तरी हातातले काम पुरे होईल.

आणि ही वीज येते कोठून? आपल्या भुसावळजवळ दीपनगरला विजेचे मोठे केंद्र आहे. तिथे कोळसा जाळून वीज करतात. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. म्हणजे तुमच्या चार दिव्यांनी वर्षाला दीडशे किलोहून जास्त कोळसा वाचवला.

५. फिरणारे चाक उभे दिसते

हा भाग नीट वाचा. वर्कशॉपवाल्याने तर दोनदा वाचावा.

आपल्या घरातली वीज एका दिशेने सरळ वाहत नाही. ती पुढे-मागे, पुढे-मागे अशी हेलकावे खाते. एका सेकंदात असे ५० हेलकावे. प्रत्येक हेलकाव्यात जुनी ट्यूब दोनदा उजळते आणि दोनदा मंद होते. म्हणजे सेकंदाला १०० वेळा. आपल्या डोळ्यांना ही उघडझाप कळत नाही. पण ती चालू असते.

आता समजा, ग्राइंडर किंवा लेथ मशीनची पुली मिनिटाला १५०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. म्हणजे एका उजळण्यापासून दुसऱ्या उजळण्यापर्यंत पुली बरोबर पाव फेरा पुढे जाते. पुलीला चार आरे असतील तर? पहिल्या आऱ्याच्या जागी दुसरा आलेला असतो. दुसऱ्याच्या जागी तिसरा. डोळ्यांना वाटते, आरे जागचे हललेच नाहीत. चाक उभे आहे!

खरी मोटार थोडी मागे पडते. ती मिनिटाला १४४० च्या आसपास फेरे घेते. तेव्हा चाक सावकाश उलटे फिरताना दिसते. असे दृश्य तुम्ही पाहिले असेल. पाहून हसलाही असाल. पण ही हसण्याची गोष्ट नाही.

दुपारी खिडकीतून ऊन येत असते. तेव्हा हा चकवा होत नाही. रात्री दार लावून एका ट्यूबवर काम चालू असते. शेजारी दुसरे मशीन गरजत असते, म्हणून आवाजावरूनही कळत नाही. माणूस थकलेला असतो. चाक उभे वाटते आणि हात पुढे जातो. एका क्षणात बोट गेले. बोट गेले म्हणजे कारागिराचा संसार अडला.

मोठ्या कारखान्यात यावर उपाय करत. शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर लावत. एक मंद झाली की दुसरी उजळलेली असे. घरच्या वर्कशॉपमध्ये एकच फेज असते. तिथे हा उपाय चालत नाही.

मग एलईडी लावली की धोका गेला का? इथे सावध राहा. चांगल्या एलईडीत ड्रायव्हर नावाचा भाग असतो. तो विजेचे हेलकावे मोडून तिला सपाट, एका दिशेने वाहणारी करतो. मग दिवा स्थिर पेटतो. पण हलक्या, स्वस्त मालात या भागात काटकसर केलेली असते. तो दिवा ट्यूबसारखाच, कधी ट्यूबपेक्षाही जास्त उघडझाप करतो. ट्यूबमधली पूड क्षणभर चमकत राहते, म्हणून ट्यूब पुरती विझत नाही. एलईडीचा तुकडा तितका वेळ थांबत नाही. म्हणून हलकी एलईडी मशीनवर लावणे जास्त वाईट.

तपासायचे कसे? फुकटात तपासता येते.

पहिली परीक्षा काडीची. पांढरी काडी किंवा पेन्सिल घ्या. दिव्याखाली ती पंख्यासारखी भरभर हलवा. मागे काळे कापड असले तर बरे. दिवा स्थिर असेल तर काडीचा एकसारखा धूसर पट्टा दिसतो. दिवा उघडझाप करत असेल तर एकाच्या दहा वेगवेगळ्या काड्या दिसतात.

दुसरी परीक्षा मोबाइलची. मोबाइलचा कॅमेरा चालू करून दिव्याजवळ धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर दिवा उघडझाप करतो.

दुकानातच दिवा लावून ही परीक्षा घ्या. दुकानदाराला राग येण्याचे कारण नाही. मडके घेताना आपण वाजवून घेतोच ना?

दिवा चांगला असला तरी एक नियम पाळा. मशीन थांबले की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. बटण बंद करा, प्लग काढा आणि मगच हात घाला.

६. दिवा कसा निवडावा?

डब्यावर पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

खूण. डब्यावर आणि दिव्यावर भारतीय मानक संस्थेची खूण आणि नोंदणीचा क्रमांक असावा. बिनखुणेचा माल घेऊ नये.

तारे. विजेच्या काटकसरीची चिठ्ठी असते. तिच्यावर तारे असतात. जास्त तारे म्हणजे तेवढ्याच उजेडाला कमी वीज.

व्होल्टेज. खेड्यात व्होल्टेज कधी उतरते, कधी चढते. डब्यावर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते छापलेले असते. १४० पासून ३०० पर्यंत चालणारा दिवा आपल्याकडे टिकतो. २२० ते २४० लिहिले असेल तर तो आपल्या कामाचा नाही.

रंग. ६५०० लिहिलेला दिवा निळसर पांढरा असतो. ४००० चा साधा पांढरा. ३००० चा पिवळसर. वर्कशॉपला ४००० किंवा ६५०० चांगला. रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्याच्या डोळ्यांना ४००० चा बरा वाटतो.

खरा रंग. काही दिव्यांखाली लाल धागा तपकिरी दिसतो. शिंप्याला, रंगाऱ्याला आणि वायरचे रंग ओळखणाऱ्याला हे चालत नाही. डब्यावर सीआरआय असा आकडा असतो. तो ८० च्या खाली नको. शिलाईला ९० असेल तर उत्तम.

हमी. डब्यावर २५००० तास लिहिलेले असते. रोज ५ तासांनी ते १३ वर्षांहून जास्त होतात. त्यावर फार विसंबू नका. तुकडा टिकतो, पण ड्रायव्हर आधी जातो. दुकानदार दोन वर्षांची हमी लिहून देतो का, ते पाहा. बिल जपून ठेवा. दिव्याच्या पाठीवर पेनाने तारीख लिहा. म्हणजे पुढे वाद होत नाही.

७. किती दिवे लावावेत, कोठे लावावेत?

टेबलावर पडलेला उजेड मोजण्याचे माप आहे, लक्स. भर उन्हात एक लाख लक्स असतात. पुनवेच्या चांदण्यात पाव लक्ससुद्धा मुश्किलीने भरतो. साध्या सुतारकामाला २०० ते ३०० लक्स लागतात. मोटारीची बारीक तार गुंडाळायला किंवा शिलाईला ५०० ते ७५० लागतात.

दहा फूट बाय बारा फूट खोलीला २० वॅटचे ३ दिवे साधारण पुरतात. भिंती काळ्या असतील तर तीनही अपुरे. म्हणून आधी भिंतींना चुना द्या. चुन्याच्या दोन हातांनी जेवढा उजेड वाढतो, तेवढा दिवा वाढवूनही वाढत नाही.

वय झालेल्या माणसाने जास्त उजेड घ्यावा. वीस वर्षांच्या पोराला जेवढा पुरतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड साठीच्या माणसाला लागतो. आम्हां म्हाताऱ्यांना हे पटते. सारे घर उजळण्याची गरज नाही. मशीनजवळ एक छोटा दिवा वेगळा लावला की काम भागते.

उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूने उजेड यावा. म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन लहान दिवे चांगले. एकाची सावली दुसरा पुसतो. तुकडे उघडे दिसतील असा दिवा नको. तो डोळ्यांत खुपतो. दुधी झाकणाचा घ्यावा.

आणि आपल्या खानदेशची खास गोष्ट. एलईडीला उष्णता सोसत नाही. ती समोरून थंड दिसते, पण तिची पाठ तापते. जळगाव-भुसावळकडचा वैशाखातला उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. पत्रा असा तापतो की हात लावता येत नाही. त्या पत्र्याला चिकटवून दिवा लावला तर ड्रायव्हर एका उन्हाळ्यात जातो. मग माणूस म्हणतो, “एलईडी टिकत नाही.” दिवा पत्र्यापासून फूट-दीड फूट खाली साखळीने टांगा. वारा खेळू द्या. पंधरा दिवसांनी वीज बंद करून कोरड्या फडक्याने धूळ आणि भुसा पुसा.

वेल्डिंग मशीन आणि दिवे एकाच वायरवर ठेवू नका. मशीन चालू-बंद होताना विजेला झटके बसतात. त्या झटक्यांनी ड्रायव्हर मरतो. दिव्यांची वायर मेनपासून वेगळी घ्यावी.

८. लावताना घ्यायची काळजी

एलईडी दोन रूपांत मिळते.

एक रूप म्हणजे नुसती नळी. ती जुन्या ट्यूबच्या पट्टीत बसते. दुसरे रूप म्हणजे पट्टीसकट पुरा दिवा. त्याला बॅटन म्हणतात.

नुसती नळी स्वस्त दिसते, पण तिच्यात घोटाळा आहे. बहुतेक नळ्यांसाठी जुन्या पट्टीतला चोक आणि स्टार्टर काढून जोडणी बदलावी लागते. त्यातही दोन जाती आहेत. एका जातीच्या नळीला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला द्यायचे असतात. दुसऱ्या जातीत एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. एकीची जोडणी दुसरीला केली तर शॉर्ट सर्किट होऊ शकते. शिवाय नळी बसवताना एक टोक होल्डरमध्ये आणि दुसरे हातात असते. तेव्हा वीज चालू असेल तर हातातल्या टोकाला झटका बसू शकतो.

म्हणून माझे सांगणे असे की, जुनी पट्टी, चोक, स्टार्टर सारे उतरवा आणि पुरा बॅटन लावा. दोन पैसे जास्त जातील, पण डोक्याला ताप नाही.

काम जाणत्या वायरमनकडून करून घ्या. तो काम करताना पुढच्या गोष्टी होतात की नाही, ते तुम्ही पाहा.

आधी मेन स्विच बंद करावा. नुसते भिंतीवरचे बटण बंद करून हात घालू नये. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असेल, तर बटण बंद असतानाही दिव्यात वीज असते.

मग टेस्टरने तपासावे. टेस्टर आधी चालू जागी लावून तो पेटतो याची खात्री करावी.

स्टूल लाकडी आणि भक्कम असावे. पायात चप्पल असावी. हात कोरडे असावेत.

पत्र्याच्या शेडला आणि मशीनला अर्थिंग असावे. झटका बसताच वीज तोडणारा स्विच मेनजवळ बसवून घेतला तर फार चांगले.

दिवा लावून झाला. रात्री बटण बंद केले, तरी तो काजव्यासारखा मंद तेवतो. असे झाले तर भुताटकी समजू नका. पुष्कळदा बटण न्यूट्रलवर असल्याची ती खूण असते. वायरमनला बोलावून बटण फेजवर घ्या.

९. काढलेल्या ट्यूबचे काय करायचे?

हा प्रश्न कोणी विचारत नाही. काढलेली ट्यूब उकिरड्यावर जाते. तिथे पोरे ती दगडाने फोडतात. फट् असा आवाज होतो, धूर उडतो, पोरांना गंमत वाटते. त्या धुरात पाऱ्याची वाफ असते.

पारा हे विष आहे. जपानमध्ये मिनामाता नावाचे गाव आहे. तिथल्या एका रासायनिक कारखान्याने पाऱ्याचे सांडपाणी समुद्रात सोडले. पारा माशांत गेला. मासे माणसांनी खाल्ले. माणसांचे हातपाय लुळे पडले, वाचा गेली, दृष्टी गेली. पुष्कळ माणसे मेली. १९५६ साली हा रोग ओळखला गेला.

एका ट्यूबमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो. एक ट्यूब फुटली म्हणून घाबरून जाऊ नका. पण हजारो ट्यूब विहिरीजवळ, नाल्यात, शेतात पडत राहिल्या तर पारा साठत जातो.

मिनामाताच्या नावाने जगातल्या देशांनी एक करार केला आहे. २०१८ साली भारतही त्यात आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हा येथे या देशांची बैठक झाली. पाऱ्याच्या या ट्यूब २०२७ साल संपेपर्यंत बनवणे आणि एका देशातून दुसऱ्या देशात नेणे बंद करायचे, असे तिथे ठरले. म्हणजे ट्यूबचे दिवस आता भरत आले आहेत. आज ना उद्या बदल करावाच लागेल.

काढलेली ट्यूब फोडू नका. जुन्या पुठ्ठ्याच्या नळीत किंवा कागदात गुंडाळून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी उभी ठेवा. आपल्या देशाच्या ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवेही येतात. ते साध्या कचऱ्यात टाकायचे नसतात. नगरपालिकेच्या कचरा गोळा करणाऱ्या माणसाला ट्यूब वेगळी म्हणून द्या. चार-पाच शेजाऱ्यांच्या ट्यूब एकत्र करून दिल्या तर आणखी चांगले.

चुकून फुटली तर काय करावे? पोरांना बाहेर काढा. दारे-खिडक्या उघडा. पंखा बंद करा. पाव तास आत जाऊ नका. मग जाड कागदाने काचा गोळा करा. झाडू मारू नका, पूड उडते. उरलेली पूड ओल्या फडक्याने टिपा. काचा आणि फडके झाकणाच्या बरणीत घाला आणि ती बरणीही तशीच वेगळी म्हणून द्या. हात साबणाने धुवा.

ध्यानात ठेवा

वॅट म्हणजे खर्च, लुमेन म्हणजे उजेड. दोन्ही वाचा.
जो दिवा जास्त वेळ पेटतो, तो आधी बदला.
काडी हलवून पाहा. दहा काड्या दिसल्या तर दिवा मशीनवर नको.
चाक उभे दिसले तरी प्लग काढल्याशिवाय हात घालू नका.
तापलेल्या पत्र्याला दिवा चिकटवू नका.
मेन बंद केल्याशिवाय वायरला हात लावू नका.
जुनी ट्यूब फोडू नका.

प्रश्न

१. ट्यूबचा उजेड कशातून निघतो?
२. बारा आणे वीज वाचली तरी दिवा उघडझाप करत असेल, तर तो लेथवर का लावू नये?
३. शेजारच्या सुतारदादांकडे ६ ट्यूब रोज ४ तास पेटतात. त्यांनी एलईडी लावली तर महिन्याला किती युनिट वाचतील? हिशेब वहीत लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.
४. तुमच्या घरातला एखाद्या दिव्याचा डबा शोधा. त्यावरचे वॅट, लुमेन आणि व्होल्टेज वाचून वहीत उतरवा.